काळ्या जंगलातलं करवंद

गेल्या वैशाखात आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. "समारंभ नको, साडी नको, तुला-बिला तर मुळीच नको," असं तिने महिनाभर आधीच बजावून ठेवलं होतं. भाऊ म्हणाला, मग निदान केक तरी कापू. कोणता, हा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात ब्लॅक फॉरेस्टशिवाय दुसरा केक कधी आलाच नाही. तो यंदा मी घरी करायचा, हेही माझ्या गैरहजेरीत एकमताने ठरलं. (आत्या, तुझ्यासाठी बिनअंड्याचा वेगळा केला होता. तू आली नाहीस, तो शेजाऱ्यांनी संपवला.)

ज्यांचं लहानपण १९८० च्या दशकात गेलं त्यांना हा केक वेगळा सांगायला नको. वर पांढरं क्रीम, त्यावर चॉकलेटचा भुगा, आणि कडेने गोल मांडलेल्या आठ लालचुटुक चेऱ्या. बाबा स्कूटरवर पुढे, आई मागे, तिच्या मांडीवर सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. कॅम्पातल्या बेकरीपासून आमच्या घरापर्यंत ती एकदाही हलायची नाही. खरी भांडणं मात्र केकवरून नाही, चेऱ्यांवरून व्हायची. आणि दर वेळी आई आपल्या तुकड्यावरची चेरी उचलून आम्हा दोघांपैकी जो जास्त रडवेला असेल त्याच्या बशीत ठेवायची. सातवीत 'माझी आई' या निबंधात मी लिहिलं होतं, की माझी आई इतकी त्यागी आहे की ती स्वतः कधी चेरीसुद्धा खात नाही. दहापैकी आठ मिळाले होते.

आता पुढचं ऐका. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी मी दुकानातून त्याच लाल चेऱ्यांची बरणी आणली. आई जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. तिने बरणीतली एक चेरी काढली, नखाने उभी चिरली, आतून पाहिली आणि परत शेंगांना लागली.

"ही करवंदं आहेत," म्हणाली. "कच्ची."

मी बरणी उलटी करून पाहिली. मागे बारीक अक्षरांत 'करोंदा' असं स्वच्छ छापलेलं होतं! इतकी वर्षं मी ते वाचलं नव्हतं, आणि तिला वाचायची गरजच पडली नव्हती.

आईचं माहेर भोरच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी. ती आठ-नऊ वर्षांची असताना चैत्रात गावात एक व्यापारी यायचा आणि कच्ची, हिरवी करवंदं पाटीवर विकत घ्यायचा. पिकलेली नको, कच्चीच हवीत. बायका आणि पोरं पहाटे रानात जायची. करवंदीचा काटा साधा नसतो, टोकाशी दुभंगलेला असतो. हातावर ओरखडे उठायचे आणि देठातून निघणारा पांढरा चीक त्यांत झोंबायचा. घरी आल्यावर तेल लावून तो चोळून काढायचा. एका पाटीला चार आणे. "तेव्हा आम्हाला वाटायचं, एवढी आंबट करवंदं घेऊन हा मनुष्य करतो तरी काय? तो म्हणायचा, मुंबईला जातात, तिथे मुरवतात. पुढे लग्न होऊन पुण्यात आले, तुझ्या भावाच्या पहिल्या वाढदिवसाला तुझ्या बाबांनी तो केक आणला. एक खाल्ली आणि लगेच कळलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही चेरी म्हणून भांडत होतात. करवंद आहे म्हणून सांगितलं असतं, तर भांडला असतात का?"

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्या रात्री मला जरा रागच आला. म्हणजे आमचं सगळं लहानपण नकली चेरीवर गेलं? मग अस्सल ब्लॅक फॉरेस्ट तरी काय असतो, हे शोधून काढायचंच, असं ठरवून वाचायला बसले. आणि अस्सलपणाचं ते गाठोडं सोडत गेले तसतसं आत आणखी एक गाठोडं निघत गेलं.

मुळात चॉकलेटचा केक हीच गोष्ट फार जुनी नाही. अमेरिका खंडातल्या लोकांनी कोको शतकानुशतकं प्यायला. युरोपातही तो आला तो पेय म्हणूनच. जुन्या पाककृतींमधला 'चॉकलेट केक' म्हणजे पुष्कळदा चॉकलेट पिताना सोबत खायचा केक असे. कोकोच्या बीचा जवळजवळ निम्मा भाग चरबी. ती असेतोवर चॉकलेट जड आणि तेलकट, फेसलेल्या अंड्यांत घातलं तर फेस बसणार. १८२८ साली ॲम्स्टरडॅमच्या व्हान हौटेन घराण्याने कोकोतली बरीचशी चरबी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि उरलेल्या पेंडीची पावडर झाली. त्या पावडरीवर अल्कलीची प्रक्रिया केली की कडवटपणा कमी होतो आणि रंग गडद होतो. आपल्या केकचा तो काळाभोर रंग निम्मा तिथला आहे. पुढे १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात रोडोल्फ लिंट याने चॉकलेट तासन्‌तास घोटत ठेवण्याची रीत काढली. आज जिभेवर विरघळणारी डार्क चॉकलेटची वडी मिळते ती त्यामुळे. त्याआधीचं चॉकलेट रवाळ आणि कचकचीत असायचं.

आता ब्लॅक फॉरेस्ट. जर्मन नाव 'श्वार्त्सवेल्डर किर्शटोर्टं', म्हणजे काळ्या जंगलातला चेरीचा केक. हे जंगल नैर्ऋत्य जर्मनीत आहे. दाट सूचिपर्णी झाडांमुळे त्याला 'काळं जंगल' असं नाव पडलं. मला वाटलं होतं, तिथल्याच एखाद्या खेड्यातल्या आजीबाईंनी हा केक पहिल्यांदा केला असेल. तसं काही नाही. योसेफ केलर (१८८७-१९८१) नावाच्या मिठाईवाल्याचं म्हणणं होतं, की हा केक आपण १९१५ साली बॉनजवळच्या बाड गोडेसबर्ग गावातल्या कॅफेत प्रथम केला. म्हणजे जंगलाच्या दोनशे किलोमीटरांहून जास्त उत्तरेला! शिवाय १९१५ म्हणजे ऐन महायुद्ध. त्याच वर्षी जर्मनीत पावाचं रेशनिंग सुरू झालं होतं. अशा दिवसांत क्रीमने थापलेला केक? दुसरा दावा ट्युबिंगन शहराचा. तिथल्या कॅफे वाल्त्सच्या एर्विन हिल्डेनब्रांट यांनी १९३० मध्ये तो केला म्हणतात. ते गावही जंगलात नाही, जंगलाच्या पूर्वेला आहे. छापील पुस्तकात हा केक आला १९३४ साली. आपल्याकडचे कित्येक 'पारंपरिक' पदार्थ नीट खणले की जसे आजोबांच्याच पिढीतले निघतात, तसंच हे झालं.

नाव बहुधा 'किर्शवासर'वरून आलं. ही चेरी आंबवून गाळलेली, पाण्यासारखी स्वच्छ दारू, आणि ती मात्र खरोखर त्या जंगलाच्या परिसरातली. जर्मनीत आजही या दारूची चव लागल्याशिवाय त्या केकला ते नाव देता येत नाही. कुणी म्हणतात, नाव तिथल्या बायकांच्या पोशाखावरून आलं: काळा झगा, पांढरा सदरा आणि डोक्यावर लाल लोकरी गोंड्यांची टोपी. लाल गोंडे कुमारिकांचे, लग्न झालेल्यांचे काळे. गोष्ट गोड आहे, पण मला दारूचीच बाजू पटते.

हा केक आपल्याकडे येता येता एकेक सामान वाटेत उतरत गेलं. दारू पहिली उतरली, तिच्या जागी साखरेचं पाणी आलं. दुधाचं क्रीम आपल्या उन्हाळ्यात टिकेना, म्हणून बेकऱ्यांनी वनस्पतितेलाचं क्रीम धरलं. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी अंडं गेलं. आणि चेरी? ती आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात होते, मे ते जुलैच्या सुमारास, आणि फळ इतकं नाजूक की प्रवासात मान टाकतं. वर्षभर, स्वस्त, घट्ट राहणारं, लाल रंग पिणारं फळ हवं होतं. सह्याद्रीच्या कातळावर बिनपाण्याचं, बिनखताचं ते उगवतच होतं. कच्ची करवंदं बिया काढून मिठाच्या पाण्यात ठेवायची, लाल रंग द्यायचा आणि रोज थोडा थोडा घट्ट करत नेलेल्या पाकात मुरवायची, की झाली चेरी.

याला लबाडी म्हणणार होते, तेवढ्यात खऱ्या डबाबंद चेरीची हकीकत वाचली. मूळची 'माराश्किनो' चेरी म्हणजे ॲड्रिॲटिक किनाऱ्यावरच्या झादर भागातली (आज हे क्रोएशियात आहे) मारास्का चेरी, तिच्याच दारूत मुरवलेली. अमेरिकेत ती इतकी लोकप्रिय झाली, की तिथे साध्या चेरीपासून तशी चेरी करायचे उद्योग सुरू झाले. १९२० च्या दशकात ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगंड यांनी मिठाच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार घालून फळ घट्ट ठेवण्याची रीत बसवली. म्हणजे चेरीचा रंग घालवायचा, चव घालवायची आणि मग लाल रंग व साखर परत घालायची. इतकं सगळं केल्यावर आत चेरी आहे की करवंद, याने कितीसा फरक पडतो?

आणखी एक गंमत. वनस्पतिशास्त्राप्रमाणे चेरी ही बेरी नव्हेच. तिला आंब्यासारखी एकच कोय असते. करवंद मात्र अगदी शास्त्रशुद्ध बेरी आहे. :-)

म्हणून ठरवलं, या वेळी केकवर करवंदच घालायचं. पण करवंद म्हणूनच. वैशाख होता, घाटातल्या बायका पानांचे द्रोण घेऊन रस्त्याकडेला बसल्या होत्या. अर्धा किलो काळीभोर करवंदं आणली. बिया काढताना बोटं एकमेकांना चिकटली. मग आई शेजारी येऊन बसली आणि माझी पाच होईपर्यंत तिची वीस झाली. दीडशे ग्रॅम साखर घालून मंद आचेवर शिजवली, तर असा काही गर्द जांभळट-लाल पाक सुटला की कुठल्याही बाटलीतल्या रंगाची गरज पडली नाही. किर्शऐवजी हाच पाक केकवर शिंपडला. जर्मन केकमधली चेरीही आंबटच असते, त्यामुळे कडू चॉकलेट आणि आंबट फळ ही जोडी जमली.

केक साधा: चार अंडी आणि १२० ग्रॅम साखर तिप्पट फुगेपर्यंत फेसायची, ९० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम कोको चाळून हलक्या हाताने मिसळायचा, आठ इंची भांड्यात १८० अंशांवर अर्धा तास. रात्रभर ठेवून सकाळी दोऱ्याने तीन थर कापले. क्रीम दुधाचंच घ्यायचं असा हट्ट केला, आणि पुण्याच्या मे महिन्यात तो फेडताना नाकी नऊ आले. परातीत बर्फ, बर्फात पातेलं, पातेल्यात क्रीम. ते फेसताना कळलं, की मिठाईवाल्यांकडे बर्फ आणि शीतपेट्या येईपर्यंत असा केक का होऊ शकला नसता. एवढं करूनही कापेपर्यंत केक एका बाजूला कललाच. वरचा चॉकलेटचा किसही अर्धा वितळला होता.

वर मधोमध कच्ची नाही, पाकातली नाही, नुसती धुतलेली ताजी आठ करवंदं मांडली. आईने केक कापला. नेहमीप्रमाणे भावाच्या मुलीने आजीच्या बशीकडे पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे आजी करवंद उचलून तिला देईल म्हणून आम्ही सगळे बघत राहिलो.

आईने ते उचललं, अर्धं चावलं, आणि उरलेलं नातीसमोर धरून विचारलं, "सांग, कोंबडा की कोंबडी?"

पोरीला तो खेळ माहीतच नव्हता. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हे तिला तिथेच शिकवण्यात आलं. कोंबडा होता. उरलेलं अर्धंही आईनेच खाल्लं.

असो. निबंधातलं ते वाक्य आता खोडायला हवं. आठ गुण मात्र मी परत करणार नाही.