देखरेख व दोषशोधन (जाळ्यांतील)

रेल्वे, दूरसंचार, संगणकप्रणाली अशा दूरवर पसरलेल्या जाळ्यात आत काय चालले आहे ते बाहेर उमटणाऱ्या खुणांवरून ओळखणे आणि बिघाडाची जागा व कारण शोधणे. या ओळखण्याला रूडॉल्फ काल्मान यांनी १९६० च्या सुमारास नियंत्रण-सिद्धांतात गणिती रूप दिले. पुढे एकेका ॲपमागे डझनावारी सेवा राबू लागल्या, नवी आवृत्ती दिवसातून अनेकदा चढू लागली, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनाही त्याची निकड भासली. त्यांची साधने तीन : सतत मोजली जाणारी मापे, घटनांच्या नोंदी (लॉग) आणि एकेका विनंतीचा सेवेगणिक काढलेला माग (ट्रेस).

महाराष्ट्रात या कामाचे ठळक उदाहरण संगणकाच्या पडद्यावर नाही, कोकण रेल्वेच्या रुळांवर सापडते. १९९८ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग रत्नागिरी जिल्ह्यात बोगदे, कटिंग आणि खाड्यांवरचे पूल यांतून जातो. पावसाळ्यात बेलापूर, रत्नागिरी आणि मडगाव येथील नियंत्रण कक्ष अहोरात्र चालतात. चिपळूण, रत्नागिरी, विलवडे यांसह निवडक स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. काळी, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवर पूरसूचक यंत्रणा आहे, तर रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलावर वायुवेगमापक. मापावरून काय करायचे ते आधीच ठरलेले असते, हे या व्यवस्थेचे खरे बळ : मुसळधार पावसाने समोरचे दिसेनासे झाले की गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा. इशारा आल्यावर चर्चेला बसणाऱ्या संगणक विभागांनी हे पाहण्यासारखे आहे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी धोक्याच्या पातळीवर गेले. चिपळूण-कामथे दरम्यान वाहतूक थांबवण्यात आली आणि ठिकठिकाणच्या गाड्यांत सुमारे ६,००० प्रवासी अडकले. प्रवाशांचे हाल झाले, पण गाड्या पुरापासून दूर उभ्या राहिल्या.

दरडीचे तसे नाही. पाणी चढताना मोजता येते. डोंगर सुटतो तो बहुधा एकदम. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधून रुळांवर आलेल्या दगडांना कारवार-मुंबई विशेष गाडी धडकली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी दगावले. पर्जन्यमापकावरून धोका वाढल्याचे कळते, दगड नेमका कुठे पडला ते कळत नाही. म्हणून दगड अडवणाऱ्या जाळ्या, उतार कमी केलेली कटिंग आणि रात्रंदिवस फिरणारे गस्तवाले. मार्गावर सरासरी दर किलोमीटरला आपत्कालीन संपर्काचे सॉकेट आहे; गस्तवाला त्यात फोन जोडून थेट स्टेशन मास्तर किंवा कंट्रोलशी बोलतो. बातमीबरोबर जागाही कळते, त्यामुळे शोधाचा वेळ वाचतो. सॉफ्टवेअरमधला माग हेच करतो : सेवा मंदावली एवढे मापावरून कळते, कोणत्या टप्प्यावर अडली ते मागावरून.

दुरुस्तीत मात्र रेल्वे आणि सॉफ्टवेअर यांची वाट वेगळी होते. बिघडलेली आवृत्ती काढून आदली चढवणे बहुधा मिनिटांचे काम असते. १४ जुलै २०२४ रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटी बोगद्याजवळ दरड कोसळली तेव्हा जागा लगेच कळूनही माती उपसून मार्ग मोकळा व्हायला सुमारे एक दिवस लागला.