अणुबल सूक्ष्मदर्शक : हाताळणी व अंशांकन

टोकदार सुई पृष्ठभागावरून फिरवून नॅनोमीटर मापाचे चढउतार टिपणारे उपकरण. गेर्ट बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी त्याचे वर्णन १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत त्याला एएफएम म्हणतात.

सुई एका लवचीक सूक्ष्म पट्टीच्या (कँटिलिव्हरच्या) टोकाशी असते. पट्टीच्या पाठीवरून परतलेला लेसरचा झोत चौभागी प्रकाशसंवेदकावर पडतो. पट्टी वाकली की तिथला ठिपका सरकतो. उपकरणाला थेट कळतात ते फक्त व्होल्ट. त्यांवरून अंतर आणि बल काढण्यासाठी अंशांकन लागते.

पट्टी चिमट्याने बसवणे, लेसर तिच्या टोकावर आणणे, सुई नमुन्यापर्यंत सावकाश उतरवणे ही कामे वाचून येत नाहीत. काही पट्ट्या मोडतातच. प्रतिमेत एकच आकार सगळीकडे एकाच रोखाने उमटू लागला, तर नमुन्याआधी सुईवर संशय घ्यावा : ती बहुधा बोथट किंवा दुटोकी झालेली असते.

सुई किंवा नमुना हलवणारे पायझो स्फटिक व्होल्टच्या अगदी प्रमाणात सरकत नाहीत. म्हणून ठरावीक अंतराच्या जाळीवर आडवे माप आणि ज्ञात उंचीच्या पायरीवर उभे माप ताडून घेतात. सिलिकॉनच्या (१११) पृष्ठावरील एका थराची पायरी ०.३१४ नॅनोमीटर असते.

बलमापन अधिक नाजूक. आधी सुई नीलम किंवा काचेसारख्या कठीण पृष्ठावर दाबून एका व्होल्टमागे पट्टी किती नॅनोमीटर वाकते, ही संवेदनक्षमता काढतात. लेसर जरा हलला तरी ती नव्याने काढावी लागते. मऊ नमुन्यावर काढली तर नमुना दबल्यामुळे आकडा फुगतो. मग पट्टीचा ताठरपणा. तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे जाडीतली १० टक्के वाढ त्यात सुमारे ३३ टक्के फरक पाडते. डबीवर छापलेला आकडा अंदाजापुरताच. हटर आणि बेखहोफर यांच्या १९९३ च्या पद्धतीत पट्टीच्या औष्णिक थरथरीवरून तो मिळतो. ०.१ न्यूटन प्रति मीटरची पट्टी खोलीच्या तापमानाला सुमारे ०.२ नॅनोमीटर थरथरते. मात्र या हिशेबात संवेदनक्षमतेचा वर्ग येत असल्याने तिथली चूक वाढून उतरते. सेडर यांच्या पद्धतीत लांबी, रुंदी, अनुनादी वारंवारता आणि गुणवत्ता गुणांक (क्यू) पुरतात. सुई कशालाही टेकवावी लागत नाही. दोन्ही पद्धतींचे आकडे जवळपास जुळेपर्यंत नॅनोन्यूटनमधली नोंद ग्राह्य धरू नये.