खुन्याची नोंद आणि कामगाराची



आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवतच्या हत्यांवर २०२४ साली एक मालिका निघाली आणि त्या हत्यांचा तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. मानवतच्या आधी, १९६८ साली, याच कुलकर्णींच्या देखरेखीखाली मुंबईत रामन राघव याचा शोध लागला होता. त्या शोधाचा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत.

१९६५-६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगत झोपलेल्या १९ जणांवर रात्री हल्ले झाले. ९ जण दगावले. ही सारी पदपथांवर आणि झोपड्यांत राहणारी माणसे. संशयावरून पोलिसांनी रामन राघव या फिरस्त्यास धरले, परंतु पुरावा मिळेना. झोपलेला माणूस मारणाऱ्यास पाहणार कसा? त्याला सोडावे लागले.

१९६८ साली उत्तर उपनगरांत तेच सत्र पुन्हा सुरू झाले. उघड्यावर निजण्याची लोकांना धास्ती बसली. कुलकर्णींनी शहर पिंजून काढले. अखेर २७ ऑगस्ट रोजी फौजदार ॲलेक्स फियालो यांनी जुन्या दप्तरातील छायाचित्रावरून त्याला ओळखले. बोटांच्या ठशांनी ओळख पक्की झाली. नाटकातला गुप्तहेर तर्क लढवतो. येथे कामी आले ते दप्तर!

पुढे त्याला फाशीची शिक्षा झाली. तो मनोरुग्ण असल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्यावर १९८७ साली उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. वेड्यास फासावर देऊ नये, हे आम्हांस मान्य आहे. पण खुन्याची टोपणनावेसुद्धा आज लोकांना पाठ आहेत. मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपणांपैकी कोणी सांगू शकेल काय?

हा प्रश्न आम्ही का विचारतो? आमचे आयुष्य ऊसतोड कामगारांत गेले. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातली बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पाचटाच्या, बिनदाराच्या कोपीत निजतात. एका हंगामात रात्री कोपीत चोर शिरला, म्हणून आम्ही एका ठाण्यावर तक्रार घेऊन गेलो. तेथे पहिला प्रश्न आला, “पत्ता काय?” कोपीला कसला पत्ता? तक्रार घेतलीच गेली नाही.

रामन राघव सापडला, कारण त्याची नोंद होती. उसाच्या फडात जाणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव आणि कोपीचे ठिकाण हंगामाआधी त्या भागातील ठाण्याच्या दप्तरी लागावे, एवढीच आमची मागणी आहे. माणूस मेल्यावर त्याचे नाव शोधण्याची पाळी येऊ नये.