पन्नास सह्यांचा सभासद

एखाद्या संस्थेचं सभासद व्हायला काय लागतं? वर्गणी भरा, पावती घ्या, झालं. गणपती मंडळापासून हाउसिंग सोसायटीपर्यंत आपल्याला हेच माहीत. पण २ एप्रिल १८७० ला पुण्यात जी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिथे पावतीवर भागत नव्हतं. तिथे मुख्त्यारपत्र लागायचं. निदान पन्नास माणसांनी सही करून लिहून द्यायचं की हा गृहस्थ आमच्या वतीनं बोलेल. ते कागद हातात असेल तरच तुम्ही सभासद.

ही कल्पना वकिली डोक्यातून आलेली दिसते, आणि ते डोकं होतं गणेश वासुदेव जोशी यांचं. पुढे लोक त्यांना 'सार्वजनिक काका'च म्हणायला लागले. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल शहरात कुरबुर होती, सभेची सुरुवात त्यातून झाली. आता, गाऱ्हाणं घेऊन चारजण गेले की सरकारला एक सोपं उत्तर हाताशी असे: तुम्ही बोलताय खरं, पण कोणाच्या वतीनं? वकील कोर्टात उभा राहतो तो वकीलपत्र घेऊन. मग लोकांच्या वतीनं उभं राहणाऱ्याकडे कागद का नको?

सुरुवातीला सभासद झाले ९५, आणि त्यांच्यामागे सह्या सुमारे ६,०००. म्हणजे सरासरी प्रत्येकामागे साठाच्या वर. अध्यक्ष होते औंधचे पंत प्रतिनिधी (औंध संस्थानाचे बरं का, आपल्या पुण्यातल्या औंधचे नव्हेत). सरदार, इनामदार, सावकार, वकील अशी मंडळी त्यात जास्त. कुळवाडी, कारागीर सभासद म्हणून फारसे नव्हते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरीही मतदान हा शब्द सामान्य माणसाच्या कानावरही नव्हता, त्या काळात 'मी कोणाचा तरी आहे' हे कागदावर दाखवावं लागणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कारण सही घेतली की काम अंगावर येतं. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि त्या कामाला शिस्त लागली. १८७२ मध्ये सभेनं शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी हाती घेतली. १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रं गेली. १८७७ च्या दिल्ली दरबारात काका सभेच्या वतीनं हजर राहिले, तेही खादीच्या कपड्यांत. गांधीजी तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते.

मग आलं १८९५. सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूचं बहुमत झालं. रानडे, गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी 'डेक्कन सभा' काढली. या भांडणावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. सगळीकडे टिळक दिसतात, रानडे दिसतात, गोखले दिसतात. ज्यांच्या सह्यांवर ही सभा उभी होती, ते मात्र त्यात कुठे दिसत नाहीत. प्रतिनिधी आपसात भांडायला लागले की ज्यांचं प्रतिनिधित्व करायचं तेच बाजूला पडतात, हे पुण्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

पण गंमत पाहा. त्याच वर्षी, १८९६ ला, पुन्हा दुष्काळ पडला आणि टिळकांच्या हातातली हीच सभा खेड्यांत गेली. पीक बुडालं तर सारा तहकूब होऊ शकतो, दुष्काळी कामं मागता येतात, हे सरकारच्याच दुष्काळ-संहितेत होतं. सभेचे कार्यकर्ते ते मराठीत शेतकऱ्यांना समजावून सांगू लागले. नवं काहीच मागितलं नव्हतं, छापील नियम तेवढे वाचून दाखवले.

सरकारला तेच झोंबलं. मार्च १८९७ मध्ये लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारनं जाहीर केलं की सार्वजनिक धोरणावर सरकारशी बोलणारी संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी 'तुम्ही कोणाच्या वतीनं?' या प्रश्नाला सह्यांनी उत्तर दिलं होतं. आता तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.