वाढदिवस मागणारा व्हायरस आणि गप्प बसणारा टॅब

टॅब तापतो, मध्येच हँग होतो, बॅटरी दुपारीच मान टाकते. म्हणजे व्हायरस शिरला. मुलुंड-घाटकोपरच्या घरांत असो वा बोरिवली-अंधेरीच्या स्टेशनबाहेरच्या रिपेअरवाल्याकडे, हे निदान आजीबाईच्या बटव्यासारखं हाताशी असतं. पण ते आलं कुठून, हे पाहिलं तर एक अडचण दिसते. आपण शोधतो ती लक्षणं आधीच्या जमान्यातल्या दुखण्याची आहेत. घातक प्रोग्राम स्वतःला दाखवणार की लपवणार, हे तो लिहिणाऱ्याला काय कमवायचंय त्यावर ठरतं, आणि ही कमाई गेल्या चाळीस वर्षांत पार बदलली.

सुरुवातीच्या व्हायरसना कमवायचं होतं ते नाव. 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या 'ब्रेन'ने फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये चक्क त्यांचा पत्ता आणि फोन नंबर ठेवला होता. 1990 मध्ये भारतातच सापडलेला 'जोशी' तर त्याहून मिश्कील. दरवर्षी 5 जानेवारीला तो संगणक अडवून धरायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. (हे जोशी कोण, हा प्रश्न मराठी माणसाला सतावणारच.) मुंबईच्या उपनगरात तेव्हा संगणक होते ते मुख्यतः पवईच्या आयआयटीत, जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत आणि 1973 मध्ये उभ्या राहिलेल्या अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या कंपन्यांत, म्हणजे जाणत्या लोकांच्या हाती. घरोघरी संगणक आला तो नंतर, आणि त्याच्यासोबत एक समज आली: व्हायरस आला की पडद्यावर काहीतरी विचित्र घडतं.

टॅब आला तेव्हाही ही समज टिकून होती, पण ती लावायची कशाला? 2011 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'आकाश' या स्वस्त सरकारी टॅबच्या पहिल्या आवृत्तीत 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 256 एमबी रॅम होती. तो जन्मतःच संथ. पुढच्या वर्षी आलेल्या 'आकाश 2'ची जबाबदारी पवईच्या आयआयटीतल्या प्रा. दीपक फाटक यांच्या चमूकडे होती. तो बराच सुधारलेला होता, तरी त्याची रॅमही 512 एमबीच. 2015 मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले आणि ज्या घरात कधी संगणक नव्हता तिथेही पडदा पोहोचला. स्वस्त टॅब दोन वर्षांत मंदावतो, कारण अॅप जड होत जातात आणि बॅटरी थकते. त्यामुळे मंदपणा हा पुरावा म्हणून फार कच्चा. शिवाय फोनवर जी एक पक्की खूण होती, तीही इथे नाही. 2010 मध्ये अँड्रॉइडवर सापडलेला 'फेकप्लेयर' महागडे एसएमएस परस्पर पाठवायचा, त्यामुळे चोरी बिलात तरी दिसायची. सिम नसलेल्या टॅबला बिलच येत नाही.

यावर कोणी म्हणेल, जाहिराती तर डोळ्यांना दिसतात की! खरं आहे, आणि ते माझ्याच मुद्द्याला धरून आहे. जाहिरात दाखवून पैसे मिळवणाऱ्याला दिसावंच लागतं. 2019 मध्ये उघड झालेल्या 'एजंट स्मिथ'ने जगभरातल्या सुमारे अडीच कोटी उपकरणांत शिरकाव केला, त्यांतली दीड कोटी भारतात होती. नेहमीच्या अॅपच्या जागी तो त्याच नावाची, त्याच चिन्हाची बनावट आवृत्ती बसवायचा. खूण एवढीच, की ज्या अॅपमध्ये कधी जाहिरात नसायची तिथे ती येऊ लागे. पण ज्याला बँकेचा ओटीपी हवा, तो टॅब तापवून स्वतःकडे लक्ष कशाला वेधून घेईल? हल्ली लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके (अॅप बसवणारी) फाइल याच जातीची. ती उघडली की बरेचदा पत्रिका दिसत नाही, अॅपचं चिन्हही दिसेनासं होतं, मागे राहते ती अॅपला दिलेली परवानगी. म्हणून आज पाहायचं ते सेटिंग्जमध्ये: अॅक्सेसिबिलिटीची (पडदा वाचण्याची आणि परस्पर टॅप करण्याची) परवानगी कोणाकडे आहे, अनोळखी ठिकाणाहून अॅप बसवण्याची मुभा कोणाला दिलेली आहे, अॅप तपासणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट आपोआप बंद झालंय का. काढून टाकायला गेलं की सेटिंग्जचं पानच बंद होत असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

सामान्य घराला हे जमणार नाही, त्यापेक्षा अँटिव्हायरस टाकावा किंवा टॅब फॉरमॅट मारावा, हा दुसरा आक्षेप. परवानग्यांची यादी वाचणं वीजबिल वाचण्याहून अवघड नाही, आणि बहुतेक टॅबवर ती मराठीतही दिसते. फॉरमॅटचा उपाय बाहेरून आलेल्या अॅपवर चालतोही. पण 2018 मध्ये अवास्त या कंपनीने 'कोसिलून' नावाचा जाहिरातबाज प्रोग्राम उघडकीला आणला, तो शेकडो स्वस्त अँड्रॉइड मॉडेलांवर कारखान्यातूनच बसून येत होता, त्यांत टॅबही होते. तो मूळ प्रणालीतच असल्याने फॉरमॅट मारल्यावरही परत हजर. आणि लक्षण ओळखायचं म्हणजे आधी बरं होतं, आता बिघडलं, अशी तुलना करायची. हे टॅब तर खोक्यातून बाहेर काढले त्या दिवसापासूनच तसे होते.