बंदर, पुळण आणि विसावा : सावित्रीच्या वाटेवरचे तीन प्रवासी



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, महाड-पोलादपूरच्या माणसांनी समुद्रकिनाऱ्यावर काय बोलायचं? आमच्याकडे डोंगर, घाट, दरडी आणि पूर. पुळण बघायची म्हटली तर हरिहरेश्वर नाहीतर श्रीवर्धन गाठावं लागतं. पण हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. त्याचं कारण सांगतो.

हल्ली आपल्यापैकी पुष्कळांची मुलंबाळं परदेशी असतात आणि आईवडिलांना क्रूझवर पाठवतात. कॅरिबियन समुद्रात जहाज सकाळी एखाद्या बेटाच्या बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधल्या सात-आठ तासांत प्रवाशाला एकच गोष्ट हवी असते. बंदरापासून जवळ, फार गर्दी नसलेली, निवांत पुळण. प्रश्न साधा आहे. नकाशा बघायचा, टॅक्सीचे दर विचारायचे, जायचं, यायचं.

पण आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे साध्या प्रश्नाला फाटे फोडण्याची खोड आहे. बंदरावर उतरलेल्या माणसाला विसावा केव्हा मिळतो? वाळू मऊ असली आणि पाणी निळं असलं म्हणजे झालं? की त्याला आणखी काही लागतं? याचं उत्तर शोधायला कॅरिबियनला जायची गरज नाही. महाड हे स्वतःच एक बंदर होतं. त्या बंदराच्या वाटेवरून गेलेल्या तीन प्रकारच्या प्रवाशांकडे आज आपण बघू.

आधी भूगोल. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते. महाडपासून पुढे ती हळूहळू खाडी होते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. नदीच्या वाटेने महाड समुद्रापासून तीसेक मैल आत. तरीही भरतीचं पाणी तिथपर्यंत चढायचं आणि भरतीबरोबर होड्या, मचवे वर यायचे. मोठी गलबतं अलीकडे थांबायची, म्हणून दासगावच्या धक्क्याला महत्त्व. ही वाट फार जुनी आहे. महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये या किनाऱ्यावरच्या बंदरांच्या यादीत 'पालैपत्मै' असं एक नाव येतं. ते हेच पाले असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे. लेणी कोरायला पैसा लागतो, आणि असा पैसा व्यापाराच्या वाटेवर असतो. डोंगराच्या कुशीत लेणी का, याचं उत्तर पुष्कळदा खालच्या खाडीत सापडतं.

आता पहिला प्रवासी. तो म्हणजे साहेब.

१७५५ मध्ये बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि १७५६ च्या तहाने तो त्यांच्याकडे कायम झाला. त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. पुढे १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरला हवा खाण्याचं ठाणं वसवलं. त्यासाठी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेतली. तेच माल्कम पेठ. आता मुंबईचा साहेब तिथे जायचा कसा? रेल्वे नव्हती. एक सोयीची वाट आमच्या दारावरून होती. मुंबईहून समुद्राने बाणकोट, तिथून खाडीने दासगाव-महाड, पुढे पालखीने किंवा घोड्यावरून पोलादपूर, आणि मग प्रतापगडाच्या पायथ्याने पार घाट चढून महाबळेश्वर.

इथे एक गंमत लक्षात घ्या. बाणकोटच्या खाडीत शिरताना एका अंगाला हरिहरेश्वर, दुसऱ्या अंगाला वेळास. वेळास म्हणजे नाना फडणिसांचं गाव. आज दोन्हीकडे लोक निवांत पुळणीसाठी येतात. साहेब मात्र या पुळणी मागे टाकून पुढे गेला. त्याच काळात विलायतेत ब्रायटनसारख्या ठिकाणी समुद्रस्नानाची फॅशन होती. पण इथल्या उन्हात त्याला विसावा थंड डोंगरात दिसला. म्हणजे पुळण तीच, समुद्र तोच, पण 'इथे बसावं' असं त्या माणसाला वाटलं नाही. निसर्ग जागा देतो, विसाव्याची कल्पना माणूस आणतो.

आणि साहेबाचा हा विसावा कोणाच्या खांद्यावरून घाट चढत होता? पालखी भोयांच्या खांद्यावर होती आणि सामान बिगाऱ्यांच्या डोक्यावर. अॅरिस्टॉटल म्हणतो की आपण काम करतो ते फावल्या वेळासाठी. त्या फावल्या वेळाला ग्रीक शब्द 'स्कोले', त्यावरूनच पुढे 'स्कूल' आलं. विचार सुंदर आहे. पण अॅरिस्टॉटलच्या अथेन्समध्ये तो फावला वेळ गुलामांच्या कष्टांवर उभा होता, हेही विसरता येत नाही. कुणाचाही विसावा पाहिला की त्याचं ओझं कोण वाहतंय, हे बघायची सवय ठेवावी.

महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर गाइड एक गोष्ट सांगतात. आर्थर मॅलेट नावाच्या अधिकाऱ्याची बायको आणि मूल सावित्रीच्या पाण्यात बुडालं, आणि तो त्या कड्यावर बसून नदीकडे बघत राहायचा. गोष्टीत लोकांनी घातलेली भर किती, ते बाजूला ठेवू. या वाटेचं पाणी साहेबालाही भ्यायला लावणारं होतं, एवढं तिच्यातून कळतं. पुढे १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला, साहेब पुण्यावरून वाईमार्गे जाऊ लागला आणि आमची वाट त्याच्या दृष्टीने आडवाट झाली.

दुसरा प्रवासी आपल्या घरातला. चाकरमानी.

महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. रस्ते धड नव्हते, तेव्हा कोकणाची खरी सडक म्हणजे समुद्र. आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राहायची, पडावातून माणसं उतरवायची, ट्रंका, पोरं, कोंबड्या सगळं एकात एक. पावसाळ्यात तेही बंद. या माणसाला बंदराजवळच्या पुळणीवर लोळावंसं वाटलं असेल का? त्याची रजाच मोजून आठ-दहा दिवसांची. त्यातले दोन दिवस जाण्यायेण्यात गेलेले. धक्क्यावर पाय लागला की त्याची नजर डोंगराकडे.

शिवाय पुळण ही कोकणात बसायची जागा कधीच नव्हती. ती कामाची जागा. होड्या ओढून ठेवायच्या, जाळी पसरायची, मासळी वाळवायची. कितीतरी गावांत स्मशान तिथेच. घरं नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या आड आणि समुद्राकडे त्यांची पाठ. हरिहरेश्वरला माणूस जायचा तो देवदर्शनाला आणि पितरांच्या कार्याला, त्याला दक्षिण काशी म्हणतात ते त्यामुळे. समुद्राशी नातं श्रद्धेचं, पोटाचं आणि भीतीचं होतं. भीती उगाच नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्या पाण्याने घरचा माणूस नेला, त्या पाण्याकडे बघत निवांत बसणं जमत नाही. आम्हां सावित्रीकाठच्या लोकांना हे अलीकडेही कळलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या गेल्या, आणि काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले. डोंगरातली माणसं आणि पुळण यांचं नातं असंही आहे.

आता तिसरा प्रवासी. हे व्याख्यान खरं तर त्याच्यासाठी आहे.

त्या बोटी बुडाल्याला दीड महिनाही झाला नव्हता. २४ डिसेंबर १९२७ ला मुंबईहून 'पद्मावती' बोट निघाली. तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर दोनेकशे सत्याग्रही होते. धरमतरला उतरून मोटारीने येणं जवळ पडलं असतं. पण मोटारवाल्यांनी गाड्या नाकारल्या तर? म्हणून लांबची वाट धरली, दासगाव बंदराची. तिथून महाड पाचेक मैल, वेळ पडली तर पायी जाता येईल. २५ तारखेला दुपारी बोट दासगावला लागली. धक्क्यावर हजारो माणसं वाट बघत होती, आणि तिथून ती मिरवणुकीने महाडला चालत गेली.

ही माणसं बंदरावर उतरून कुठे निघाली होती? तीही पाण्याकडेच निघाली होती. त्यांना चवदार तळ्यावर जायचं होतं.

मागचा संदर्भ थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठराव केला. पण तळं काही कागदावर नसतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर मंडपात परतलेल्या, जेवणखाण करणाऱ्या, गावाकडे निघालेल्या लोकांवर हल्ले झाले. मग तळं 'शुद्ध' करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी कायद्याचा मान राखून तहकूब केला. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. पाण्याच्या काठावर जाऊन ओंजळभर पाणी घेण्याचा हक्क पक्का व्हायला दहा वर्षं लागली.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे या. बंदरावर उतरलेल्या माणसाला विसावा केव्हा मिळतो? साहेबाच्या प्रवासातून कळतं की विसाव्याला मोकळा वेळ लागतो आणि तो पुष्कळदा दुसऱ्याच्या कष्टातून येतो. चाकरमान्याच्या प्रवासातून कळतं की त्याला निर्धास्तपणा लागतो, घरी पोचण्याची खात्री लागते. आणि दासगावच्या धक्क्यावर उतरलेल्या सत्याग्रह्यांनी शिकवलं की या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते. 'इथून ऊठ' असं आपल्याला कुणी म्हणणार नाही, हा भरवसा. तो नसेल तर जगातली सगळ्यात सुंदर पुळणही निवांत नाही.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. जमैकामध्ये फालमथ नावाचं बंदर आहे. अठराव्या शतकात तिथून साखर जायची, आणि त्या उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले जायचे. २०११ मध्ये तिथे मोठ्या क्रूझ जहाजांसाठी धक्का सुरू झाला. पर्यटक उतरतात आणि जवळची पुळण विचारतात. पण त्याच देशात १९५६ चा किनाऱ्यांविषयीचा कायदा सामान्य माणसाला समुद्रात पोहण्याचा सरसकट हक्क देत नाही. त्यावरून तिथले लोक आजही भांडताहेत. पाहुण्याला पुळण आहे आणि गावच्या पोराला कुंपण. चवदार तळं ज्याला ठाऊक आहे, त्याला हे भांडण समजावून सांगावं लागत नाही.

आणि ही वेळ आपल्याकडेही येते आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट सुटते. मुंबई बंदरात आता क्रूझसाठी मोठं टर्मिनल झालं आहे. उद्या सावित्रीच्या तोंडाशी पाहुणे आले तर आनंदच आहे. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या निमित्ताने लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, गावचं जेवण जेवतात. अशा पाहुण्यामुळे गावाचं काही जात नाही, उलट कासवंही जगतात आणि घरंही. हरिहरेश्वरला गेलात तर प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटी बघूनच उतरा, लाटांशी थट्टा नको. आणि बागमांडल्याहून जंगलजेटीने वेसवीला जाताना पूर्वेकडे खाडीत नजर टाका. त्याच पाण्यावरून 'पद्मावती' आत गेली होती.

पण ग्रामसभेत रिसॉर्टचा नकाशा येईल तेव्हा एक प्रश्न विचाराच. पुळणीकडे जाणारी पाणंद खुली राहणार की नाही? पुळण सगळ्यांची आणि वाट एकाची, असं झालं तर १९२४ चा ठराव आणि १९२७ चं तळं यांच्यात जे अंतर होतं, तेच पुन्हा पडेल.

शेवटी एक विनंती. दासगावच्या धक्क्यावर आगबोटीची वाट बघितलेली, पडावातून उतरलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि जी आहेत ती आमच्याहून वयाने मोठी आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. कोण कुठे उतरलं, कुणाला कुठे बसू दिलं, कुणाला नाही, कुणी पाणी दिलं, कुणी दिलं नाही. अशा गोष्टी दप्तरात सापडत नाहीत.

एवढं बोलून आम्ही थांबतो.