राज्य पालटलं, बांध तोच

निवडणूक आली की आपल्यातले जाणते सांगतात, एकदा सरकार पालटू द्या, मग बघा. त्यांना मी मद्रास राज्याचं १९६७ साल सांगतो.

स्वातंत्र्यापासून तिथं काँग्रेस बसलेली. तांदूळ महाग. १९६५ मध्ये हिंदीच्या सक्तीविरुद्ध पोरं रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळ्या घातल्या. द्रमुकनं रुपयात तीन मापं तांदूळ कबूल केला आणि स्वतंत्र पक्षापासून मार्क्सवाद्यांपर्यंत सगळ्यांची मोट बांधली. मतं काँग्रेसचीच किंचित जास्त, पण मोटेमुळं विरोधी मतं फुटली नाहीत. २३४ पैकी द्रमुक १३७, काँग्रेस ५१. खुद्द कामराज विरुधुनगरात एका विद्यार्थी पुढाऱ्याकडून पडले.

ही साधी गोष्ट नव्हे. पेरियारांच्या चळवळीतले अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. भटाशिवाय लागलेली स्वाभिमान लग्नं त्यांनी कायदेशीर केली. ते मी नाकारत नाही.

पण तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं कीळवेण्मणी बघा. तिथले दलित शेतमजूर लाल बावट्याखाली भाताची मजुरी वाढवून मागत होते. सरकार आणणाऱ्या मोटेतलाच हा बावटा. मजुरी वाढवून मागणं म्हणजे काय, हे गिरणीत राबणाऱ्या मला कुणी शिकवायला नको. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी वस्ती घेरली. बायापोरं, म्हातारे एका झोपडीत लपले. झोपडी पेटवली. ४४ जीव जळाले. खालच्या कोर्टानं जमीनदारांना शिक्षा दिली, हायकोर्टानं सोडलं. मोटारी बाळगणारे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील, हे कोर्टाला पटलं नाय!

तारीख वाचली आणि घास अडकला. १९२७ साली ह्याच दिवशी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. एकेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला तिथं माणसं जाळली. गादीवर ब्राह्मण्याविरुद्ध बोलणारं सरकार. आणि खटला चाललेल्या जमीनदारांचा म्होरक्याही ब्राह्मणेतरच. जमीन कुणाची, हा सवाल त्या मतपेटीत पडलाच नव्हता.

मत जरूर द्या, ते फुकट मिळालेलं नाय. पण मागायला येईल त्याला आधी विचारा: जमीन कुणाची? मजुरी किती? वस्ती पेटली तर तुझा फौजदार कुणाच्या बाजूला?

येत्या २५ डिसेंबरला महाडचं नाव घ्याल, तेव्हा कीळवेण्मणीचंही घ्या.

जय भीम.